काड-पऱ्हाटीचे इंधन आणि बांधावरचा हिशेब

१४ सप्टेंबर २०२५ रोजी आसामातील गोलाघाट जिल्ह्यात, नुमालीगड येथे, बांबूपासून इथेनॉल तयार करणाऱ्या प्रकल्पाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्यापूर्वी तीन वर्षे, १० ऑगस्ट २०२२ रोजी, हरियाणातील पानिपत येथे भाताच्या काडापासून इथेनॉल बनविणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प राष्ट्राला अर्पण करण्यात आला होता. मनुष्याच्या ताटातील अन्नाला हात न लावता मोटारीची टाकी भरता येईल, ही या दोन्ही प्रकल्पांमागील कल्पना. ती आकर्षक आहे, आणि शास्त्रदृष्ट्या खोटीही नाही. तथापि तिच्या गुणगानात एक शब्द वारंवार येतो आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तो खटकतो. तो शब्द म्हणजे ‘टाकाऊ’.

विदर्भातील ज्या तालुक्याच्या गावी मी शिकवितो, तेथे एकदा संधी-खर्च ही संकल्पना समजावून देताना मी पऱ्हाटीचे उदाहरण घेतले. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या या वाळलेल्या काटक्यांचा शेतकऱ्याला काही उपयोग नसतो. म्हणून त्या कारखान्याला दिल्या तर समाजाला कशाचाही त्याग करावा लागत नाही, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, आमच्या इथं पऱ्हाटी वाया जात नाही. माय उपटायला जाते, अन् मजुरीसंगं भारे घरी आणते. तेच आमचं वर्षाचं इंधन.” आमच्याकडे सरपणाला ‘इंधन’च म्हणतात. माझे उदाहरण तेथेच कोसळले, आणि संकल्पना मात्र वर्गाला अपेक्षेहून चांगली समजली. शेतात पडलेली वस्तू आणि मालक नसलेली वस्तू या दोन भिन्न गोष्टी आहेत. काडापासूनच्या इथेनॉलचे अर्थकारण याच भेदाभोवती फिरते, असे माझे मत आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. तांदळातील पिष्ट आणि काडातील सेल्युलोज ही दोन्ही द्रव्ये ग्लुकोज या एकाच शर्करेच्या साखळ्या आहेत. फरक आहे तो कड्या जोडण्याच्या रीतीत. पिष्टाची साखळी आपल्या लाळेनेही सुटू लागते. सेल्युलोजची सुटत नाही, आणि म्हणूनच माणूस भात खातो व काड गुरांपुढे टाकतो. शिवाय सेल्युलोज एकटे नसते. हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्या वेष्टनात ते असे गुंतलेले असते की, आधी वाफेच्या दाबाने किंवा आम्लाने ते मोकळे करावे लागते, मग विकरांनी त्याची साखर करावी लागते, आणि मग कोठे ती आंबवून इथेनॉल हाती येते. हेमिसेल्युलोजपासून मिळणारी झायलोज नावाची साखर तर नेहमीचे यीस्ट आंबवूच शकत नाही. तिच्यासाठी मुद्दाम घडविलेली वाणे लागतात.

ही विद्या नवी नाही. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१९ साली चिंध्यांवर गंधकाम्लाची क्रिया करून साखर मिळविली होती. विकरांचा मार्ग मात्र युद्धाने दाखविला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे पाहता पाहता कुजून जात. त्यांवर वाढणाऱ्या बुरशींचा शोध घेताना एक असामान्य बुरशी हाती लागली. ती सेल्युलोजची साखर करणारी विकरे मुबलक सोडते. एल्विन रीज या संशोधकाच्या नावावरून तिला पुढे ‘ट्रायकोडर्मा रीझाय’ असे नाव मिळाले. सैन्याला तिच्यापासून कापड वाचवायचे होते. आज जगातील अनेक विकर-कारखाने तिच्याच वंशजांवर चालतात. आपल्याकडेही या क्षेत्रात काम झाले आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. पानिपत प्रकल्पाचे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील ऊर्जा-जैवशास्त्र केंद्राने विकसित केलेल्या पद्धतीचा, दिवसाला दहा टन जैवभार हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूर येथे सुरू झाला. तेव्हा अडचण शास्त्रज्ञांच्या बुद्धिमत्तेची नाही.

मग अडचण कोठे आहे? पानिपतचेच जाहीर झालेले आकडे घेऊ. वर्षाला दोन लाख टन भाताचे काड आणि त्यापासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल. भांडवली खर्च नऊशे कोटी रुपयांहून अधिक. म्हणजे एका लिटरला पावणेसात किलो काड लागते. टनभर काडाची कारखान्याच्या दारातील किंमत हजार रुपयांनी वाढली की, लिटरमागे सुमारे पावणेसात रुपये वाढतात. भांडवलाचे पाहू. नऊशे कोटींवर दहा टक्के इतकाच भार धरला तरी तो वर्षाला नव्वद कोटी होतो, आणि तीन कोटी लिटरांवर वाटला तर लिटरमागे तीस रुपये. विकरे, वाफ, वीज, मजुरी यांचा खर्च अजून मोजलेलाच नाही. हा हिशेब कारखाना पूर्ण क्षमतेने चालतो असे धरून केलेला आहे. तो निम्म्याने चालला, तर तिसाचे साठ होतात. धान्यावर चालणारी तेवढ्याच क्षमतेची आसवनी याच्या काही अंशातच उभी राहते.

आता दोन लाख टन काड म्हणजे काय, ते बांधावर उभे राहून पाहिले पाहिजे. एकरी दोन ते अडीच टन काड धरले तर ऐंशी हजार ते एक लाख एकरांवरून ते गोळा करावे लागेल. पंजाब-हरियाणात भूजल वाचविण्यासाठी २००९ साली कायदे झाले आणि भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली गेली. साहजिकच कापणीही पुढे सरकली. कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. यंत्राने कापणी झालेल्या शेतात उभे खुंट आणि विस्कटलेले काड तसेच राहते, शेतकऱ्याला गव्हासाठी रान मोकळे हवे असते, आणि त्या घाईत काडी ओढली जाते. दिल्लीवर दर वर्षी कार्तिकात पसरणाऱ्या धुरात या काडीचाही वाटा असतो. कारखान्याला मात्र वर्षभर काड हवे. म्हणजे वर्षाचा माल दीड महिन्यात कापून, वाळवून, गठ्ठे बांधून, वाहून आणून, पावसापासून आणि आगीपासून जपून ठेवायचा. एका खेपेला दहा टन धरले तरी वीस हजार खेपा होतात, दिवसाला साडेचारशेच्या आसपास. या वाहतुकीचा मोठा भाग म्हणजे काडात कोंडलेल्या हवेची वाहतूक होय. काड हलके आणि फुगीर. त्याची ऊर्जा पसरलेली. पेट्रोलियमचा मोठेपणा हा की, निसर्गाने तेथे गोळा करण्याचे काम लाखो वर्षे आधीच करून ठेवले आहे.

या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याचे काय परिणाम होतात, याचा धडा अमेरिकेने भरपूर पैसे मोजून घेतला आहे. तेथील संसदेने २००७ साली ऊर्जाविषयक कायदा करून २०२२ पर्यंत वर्षाला सोळा अब्ज गॅलन, म्हणजे सुमारे सहा हजार कोटी लिटर, सेल्युलोजजन्य इंधन वापरण्याचे बंधन घातले. कायदा झाला, कर्जे मिळाली, कारखाने उभे राहिले. २०१४ साली कॅन्सस राज्यात ह्यूगोटन येथे अबेंगोआचा आणि आयोवात एमेट्सबर्ग येथे पोएट-डीएसएमचा, २०१५ साली आयोवातीलच नेवाडा या गावी ड्युपाँटचा. पहिला वर्षा-दीड वर्षात बंद पडून दिवाळखोरीत गेला. ड्युपाँटने २०१७ साली अंग काढून घेतले. पोएट-डीएसएमने २०१९ साली उत्पादन थांबविले. युरोपातही इटलीतील क्रेशेंतीनोचा २०१३ सालचा कारखाना २०१७ मध्ये बंद पडून दुसऱ्या मालकाकडे गेला, आणि रुमानियातील पोदारी येथील क्लॅरियंटचा गव्हाच्या काडावरचा कारखाना २०२३ अखेरीस बंद करण्याचे ठरले. अमेरिकेत कायद्यातील आकडा दर वर्षी खाली आणावा लागला. २०२२ साली या वर्गातील द्रवरूप इथेनॉल मूळ उद्दिष्टाच्या एक टक्काही नव्हते. जे काही उद्दिष्ट उरले, ते बहुतांशी कचरा-डेपोंतून निघणाऱ्या वायूने भरून काढण्यात आले!

या अपयशाची कारणे अनेक. खनिज तेल स्वस्त झाले, मातीखड्यांसह आलेली मक्याची धाटे यंत्रांत अडकली, वाफेच्या पात्रांनी दगा दिला. पण ड्युपाँटची व्यवस्था आपल्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सुमारे तीस मैलांच्या परिसरातील पाचशे शेतकऱ्यांकडून वर्षाला पावणेचार लाख टन धाटे घ्यावयाची, अशी ती योजना होती. म्हणजे एका शेतकऱ्याकडून साडेसातशे टन. आता हाच प्रकल्प आपल्या कापसाच्या पट्ट्यात कल्पून पाहा. महाराष्ट्रात कापसाचे क्षेत्र सुमारे चाळीस लाख हेक्टर आहे. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली, तर पानिपतएवढ्या कारखान्याला एक लाख हेक्टर कापूस लागेल. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. एखाद्याने सर्व शेतात कापूसच लावला असे धरले, तरी पंचाहत्तर हजार खातेदारांशी व्यवहार करावा लागेल. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक. आयोवात पाचशे करारनामे पुरत होते, आणि तरीही कारखाना टिकला नाही.

येथे कोणी विचारील की, आपल्याकडे साखर कारखाने हजारो सभासदांचा ऊस आणतातच ना? आणतात, आणि म्हणूनच ती तुलना उद्बोधक आहे. ऊस हे मुख्य पीक आहे. त्याच्यासाठी टोळ्या येतात, गाड्या लागतात, पाळी-पत्रक निघते. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून वजा होतो, आणि या वजावटीवरून दर हंगामात किती वाद होतात, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. पऱ्हाटीच्या बाबतीत वजा करावयाला मुळात दरच नाही. उपटणी, बांधणी आणि वाहतूक हाच तिचा जवळजवळ सारा खर्च. तो वजा केल्यावर शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हे कोणत्याही समारंभात सांगितले जात नाही. आणि तोडणीसाठी बीडच्या टोळ्या येतात तशा पऱ्हाटीसाठी कोण येणार? आज ती उपटणाऱ्या बाईला मजुरीचा एक भाग भाऱ्यांच्या रूपाने मिळतो. त्या भाऱ्याला बाजारभाव आला की, शेतमालक तो तिला सोडणार नाही. यात त्याचाही दोष नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने घरोघरी गॅसची शेगडी पोहोचली खरी, पण टाकी भरून आणण्यास दर वेळी रोख पैसे लागतात आणि भाऱ्याला लागत नाहीत. इथेनॉलचा कारखाना निघाल्यावर एका घरची चूल विझून दुसऱ्याची मोटार चालू होणार असेल, तर ‘अन्न की इंधन’ हा वाद मिटलेला नसतो. तो ताटावरून चुलीकडे सरकलेला असतो, एवढेच.

जी वस्तू आपोआप कारखान्याच्या दारात येते, तिचे गणित वेगळे असते. उसाचे चिपाड हे तसे. ब्राझीलमध्ये पिरासिकाबा येथे राइझेन कंपनीने २०१५ च्या सुमारास साखर कारखान्याला लागूनच चार कोटी लिटरचा सेल्युलोज-इथेनॉल प्रकल्प उभारला आणि २०२४ साली ग्वारिबा येथे त्याच्या दुप्पट क्षमतेचा दुसरा. कंपनी पुढे कर्जाच्या ओझ्याखाली सापडली हे खरे, पण मालाच्या वाहतुकीचा भार तेथे साखरेने आधीच उचललेला होता. आपले कारखाने चिपाड जाळून वाफ आणि वीज करतात, म्हणजे त्यालाही संधी-खर्च आहेच. मात्र तो मोजता येतो. बांबूविषयी एवढेच की, २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि खासगी जमिनीवरील तोड-वाहतूक सुकर झाली. नुमालीगडला वर्षाला पाच लाख टन हिरवा बांबू लागणार आहे. इथेनॉलखेरीज फरफ्युरल आणि ॲसेटिक आम्ल हीही उत्पादने तेथे निघतात. ही जोड-उत्पादने त्याला तारतील असा माझा तर्क आहे.

एका बाबतीत तर स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली, मूळ मुदतीच्या पाच वर्षे आधी, गाठले. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण दीड टक्का आणि पुरवठा अवघा ३८ कोटी लिटर होता. आता तो सुमारे हजार कोटी लिटरांच्या घरात गेला आहे. हे प्रशासकीय यश मोठे आहे. पण ते कशाच्या बळावर आले? ऊस, तांदूळ आणि मका. पानिपत पूर्ण क्षमतेने चालले तरी त्याचा वाटा हजारात तीन लिटरांचा. ज्या तांदळाला आपण ‘अतिरिक्त’ म्हणतो, तो २०२३ च्या जुलैत टंचाईच्या भीतीने आसवन्यांना द्यायचे थांबविले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात उसाच्या रसावर निर्बंध आले. आणि २०२४-२५ साठी अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ किलोला साडेबावीस रुपये दराने इथेनॉलकडे वळविण्याचे ठरले. मक्याची निर्यात करणारा देश २०२४ साली मका आयात करू लागला. कोंबड्यांच्या खाद्याचे भाव चढले. जाहिरातीत काड दाखवायचे आणि टाकीत मका घालायचा, असा हा प्रकार आहे. काडाच्या इथेनॉलवरचा खरा आक्षेप ते महाग आहे हा नसून, त्याच्या पुण्याईवर धान्याचे इथेनॉल खपविले जाते, हा आहे.

मग काडाचा नाद सोडून द्यावा काय? माझे तसे म्हणणे नाही. काड न जाळल्यामुळे दिल्लीच्या मुलांच्या फुप्फुसांचे जे रक्षण होईल, त्याची किंमत पंपावर कोणी देत नाही. पण तिला मूल्य आहे. पऱ्हाटीचेही तसेच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कापूस कसा पोखरला, ते शेतकरी विसरलेला नाही. फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढून टाका, अळीचा जीवनक्रम तोडा, असे कृषिखाते तेव्हापासून सतत सांगत आले आहे. एका शेतकऱ्याने ऐकून भागत नाही, सर्व शिवाराने ऐकावे लागते. आणि सर्व शिवाराने ऐकावे यासाठी पऱ्हाटीला खरेदीदार असण्यासारखा दुसरा उपाय नाही. लिटरमागे पडणारी तूट सरकारने भरून काढली, तर ती या सार्वजनिक लाभाची किंमत समजावी. अर्थशास्त्रास त्याचे वावडे नाही. अट इतकीच की, सगळीच पऱ्हाटी आणि सगळेच काड नेऊ नये. सेंद्रिय कर्ब आधीच खालावलेल्या कोरडवाहू जमिनीला काही परत मिळालेच पाहिजे.

परंतु ही भरपाई कोठे द्यावयाची? २०१९ साली मंजूर झालेल्या प्रधानमंत्री जी-वन योजनेत १,९६९.५० कोटी रुपयांची तरतूद होती आणि तिची मुदत २०२४ मध्ये आणखी पाच वर्षांनी वाढविण्यात आली. त्यातून व्यापारी प्रकल्पाला दीडशे कोटी रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. हे सर्व साहाय्य कारखान्याच्या कुंपणाआत जाते. यंत्रसामग्री सवलतीत उभी राहते, आणि ती चालविणारा माल मात्र बाजाराच्या आणि दलालाच्या भरवशावर सोडलेला असतो. अमेरिकेतही नेमके हेच झाले होते. माझ्या मते साहाय्याचा मोठा भाग कुंपणाबाहेर, गोळा करण्याच्या टप्प्यावर, खर्च झाला पाहिजे: आठ-दहा गावांमागे एक वजनकाटा आणि साठवणीची शेड, पऱ्हाटी जागच्या जागी तुकडे करून दाबणारी यंत्रे शेतकरी-उत्पादक कंपन्यांच्या किंवा महिला बचत गटांच्या मालकीची, आणि टनामागे दोन वेगवेगळे दर, एक शेतमालकासाठी व दुसरा उपटून बांधणाऱ्या हातांसाठी. पहिल्या दराबरोबर दुसराही काट्यावर थेट चुकता झाला, तर भारा गमावणाऱ्या घराला निदान टाकी भरण्याइतके रोख पैसे मिळतील. अशी केंद्रे उभी राहिली तर त्यांचा माल इथेनॉललाच गेला पाहिजे असेही नाही. ब्रिकेट करणारे तो घेतील. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनविण्याचे तंत्र पूर्वीच सिद्ध केलेले आहे. खरेदीदार दोन-तीन असले की दर टिकतो, एकच असला की तोच दर ठरवितो, आणि एकटा खरेदीदार काय करू शकतो, याचा अनुभव कापूस उत्पादकाला वेगळा सांगावयास नको.

दर जाहीर करण्याची वेळ हाही गौण प्रश्न नव्हे. जानेवारीत पऱ्हाटी उभी असताना ठरलेला दर शेतकऱ्याच्या कोणत्याच निर्णयात उतरत नाही. फरदड घ्यावी की रान मोकळे करावे, हे त्याने मनाशी तोवर ठरविलेले असते. तो दर मृगापूर्वी, बियाण्याची पाकिटे दुकानात येतात तेव्हाच, तालुक्याच्या बाजार समितीच्या फलकावर लागला पाहिजे, आणि त्याच्याखाली उपटणी-बांधणीचा दरही.